भिंत कोसळली... पण कुठे?

आपल्याकडे ढग म्हटला की आधी छत्री शोधायची सवय. पण कॉम्प्युटरवाल्यांनी या शब्दाचा अर्थच बदलून टाकला! हल्ली कुठल्याही सेमिनारला बसा, ब्लॉक डायग्रामच्या कोपऱ्यात एक ढग काढलेला असतो आणि त्याच्याकडे दोन बाण गेलेले असतात. त्या ढगात नेमके काय चालते, हे विचारले की उत्तर येते, "सर, ते क्लाउडवर होतं." बहुतेक वेळा प्रश्न तिथेच संपतो.

हा प्रश्न संपू न देणारी एक जमात जगात आहे. ते ना प्रोफेसर, ना एक्स्टर्नल. ते आहेत व्हिडिओ गेम खेळणारे! क्लाउडच्या जोरावर गेममधल्या इमारती पाहिजे तशा पाडता येतील, असे कंपन्यांनी सांगितले तेव्हा या मंडळींनी "आकडे दाखवा" म्हणून जी शंका काढली, ती आपल्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी अभ्यासावी अशी आहे. या लेखात मी ती शंका कागद-पेन्सिल घेऊन तपासणार आहे. (गेम खेळायचे समर्थन करत नाही. रेक्टर सरांनी कृपया तसा अर्थ काढू नये!)

आधी थोडी पार्श्वभूमी

गेममधली भिंत पाडणे ही काही क्लाउडची देणगी नव्हे. २००१ साली 'रेड फॅक्शन' नावाच्या गेममध्ये खडकाला भोक पाडून पलीकडे जाता येत होते. २००९ च्या 'रेड फॅक्शन: गरिला'मध्ये तर इमारतीचे खांब आणि भिंती यांच्यावर किती भार येतो याचा हिशेब गेम स्वतः करायचा. आधार काढून घेतला की वरचा मजला खाली यायचा. सिव्हिलवाल्यांना हे ऐकून बरे वाटेल! आणि हे सगळे कशावर? तर एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर, ज्यांची एकूण मेमरी ५१२ एमबी होती. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट मेमरी आहे.

मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. मागे ३ लाख सर्व्हर उभे करू, असे सांगितले. एप्रिल २०१४ च्या 'बिल्ड' परिषदेत त्यांनी एक प्रात्यक्षिक दाखवले. एका इमारतीचे तुकडे-तुकडे होतात, एकट्या मशिनवर चित्र अडखळत दर सेकंदाला दोन-चार फ्रेम्सवर येते आणि क्लाउड जोडल्यावर ३० च्या आसपास टिकते. मग जून २०१४ मध्ये 'क्रॅकडाउन ३' या गेमची घोषणा झाली, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीतल्या गेम्सकॉम प्रदर्शनात अख्खी गगनचुंबी इमारत पाडून दाखवली. इमारतीचा कुठला भाग कुठला सर्व्हर सांभाळतो आहे, हे वेगवेगळ्या रंगांत दिसत होते. एक्सबॉक्स वनच्या २० पट ताकद क्लाउडमधून मिळेल, असा दावा होता. यामागची कंपनी 'क्लाउडजिन', आणि तिच्यामागे 'लेमिंग्ज' व 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सुरुवातीच्या दिवसांतले डेव्हिड जोन्स. म्हणजे माणूस काही ऐरागैरा नव्हता.

तरीही खेळणाऱ्यांनी लगेच विचारले: प्रदर्शनाच्या हॉलमधली लाइन आणि माझ्या घरची लाइन सारखी आहे का?

शंकेचा हिशेब: आपल्या किल्ल्याच्या मापाने

आता आपण तोच प्रश्न मालवणच्या मापाने सोडवू. समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये पुरे झाले. तटाची लांबी ढोबळमानाने ३ किलोमीटर, उंची ३० फूट, जाडी १२ फूट अशी सांगितली जाते. शिवरायांच्या किल्ल्याला गेममध्येसुद्धा सुरुंग लावायची माझी इच्छा नाही. माप सगळ्यांच्या ओळखीचे आहे म्हणून हिशेबापुरते घेतो.

३० फूट म्हणजे सुमारे ९.१ मीटर आणि १२ फूट म्हणजे सुमारे ३.७ मीटर. गुणाकार केला की तटाचे घनफळ येते जवळजवळ १ लाख घनमीटर. एक-एक मीटरचे ठोकळे केले तर १ लाख ठोकळे. आपण सगळा तट न घेता फक्त ३० मीटर लांबीचा तुकडा कोसळला असे धरू. त्यात साधारण १,००० ठोकळे. पण एक मीटरचा ठोकळा दिसायला अगदीच कपाटाएवढा. अर्ध्या मीटरचा केला तर ८,००० ठोकळे. पाव मीटरचा, म्हणजे आपल्या जांभ्याच्या चिऱ्याच्या जवळपासचा केला, तर ६४,०००. बाजू निम्मी केली की संख्या आठपट, हे लक्षात ठेवा. सगळी मेख इथे आहे.

हिशेब जड का होतो तेही बघू. ८,००० ठोकळ्यांपैकी कुठला कुणाला आपटतो हे पाहायचे तर जोड्या होतात सुमारे ३ कोटी २० लाख. अर्थात कुठलाही शहाणा प्रोग्रॅमर सगळ्या जोड्या तपासत नाही. जागेचे चौकोन पाडून फक्त शेजारच्यांचीच तपासणी करतो. तरी एकावर एक पडलेल्या दगडांचा ढीग स्थिर करायला तेच गणित पुन्हा पुन्हा फिरवावे लागते, आणि ३० फ्रेम्सच्या गेममध्ये दर फ्रेमला हातात असतात फक्त ३३ मिलिसेकंद. म्हणून कंपनी म्हणते, हे ओझे आमच्या सर्व्हरवर टाका. इथपर्यंत कंपनीचे बरोबर आहे.

पहिला प्रश्न: उत्तर परत कसे आणणार?

गणित सर्व्हरने केले, पण चित्र तर तुमच्या टीव्हीवर काढायचे आहे. म्हणजे प्रत्येक ठोकळा कुठे आहे आणि कसा वळला आहे, हे घरी कळवायला हवे. जागेसाठी तीन आकडे, वळणासाठी चार आकडे आणि ठोकळ्याचा नंबर, असे आठ आकडे. प्रत्येकी ४ बाइट्स म्हणजे एका ठोकळ्याला ३२ बाइट्स. सेकंदाला ३० वेळा पाठवले तर ९६० बाइट्स.

आता गुणाकार करा. १,००० ठोकळ्यांना सुमारे ७.७ एमबीपीएस. ८,००० ठोकळ्यांना सुमारे ६१ एमबीपीएस. ६४,००० ठोकळ्यांना तर ४९० एमबीपीएसच्या वर! आणि ही लाइन फक्त दगडांसाठी. त्यात अजून ना आवाज, ना इतर खेळाडू.

इथे कोणी म्हणेल, कॉम्प्रेशन आहे की! आहे ना. आकड्यांची अचूकता कमी करून ३२ चे १२ बाइट्स करता येतात. सेकंदाला ३० ऐवजी १० वेळाच पाठवून मधल्या जागा घरच्या मशिनला भरायला सांगता येतात. थांबलेल्या दगडांबद्दल काही पाठवायचेच नाही, असेही करता येते. पहिल्या दोन युक्त्यांनीच ८,००० ठोकळ्यांचे काम ६१ वरून ७.७ एमबीपीएसवर येते. छान! पण ठोकळा पाव मीटरचा करायचा म्हटला की परत ६१. म्हणजे लाइन ठरवते की तुमची भिंत चिऱ्यांची असेल की कपाटांची.

मग आणखी हुशार उपाय सुचतो. दगड पाठवूच नका, फक्त कारण पाठवा. 'अमुक ठिकाणी एवढ्या जोराचा स्फोट झाला', बस्स, पन्नासेक बाइट्स. बाकीचे गणित प्रत्येक मशिन आपापले करील. यात प्रत्येक मशिनचे उत्तर शेवटच्या बिटपर्यंत सारखे यावे लागते आणि ते वाटते तितके सोपे नाही, पण होते. गंमत बघा मात्र. गणित घरच्या मशिननेच करायचे असेल तर क्लाउड हवा कशाला? बाइट्स वाचवायला गेलो की हमाली परत आपल्याच डोक्यावर येते. क्लाउडच्या दाव्यातली खरी ओढाताण ही आहे, आणि जाहिरातीत ती कधीच दिसत नाही.

दुसरा प्रश्न: उशीर किती?

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात डेटा सेंटर सुरू केले. मालवणहून पुण्यापर्यंतची केबल ४०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. हे काहीच नाही. सर्व्हर ४,००० किलोमीटर लांब असेल तर ४० मिलिसेकंद. म्हणजे ३० फ्रेम्सच्या हिशेबाने एक फ्रेम गेली, दुसरी चालू.

पण हा झाला प्रकाशाचा उशीर, आपल्या रेंजचा नव्हे. मधे टॉवर, राउटर, रात्री नऊ वाजता एकदम ऑनलाइन आलेले अख्खे हॉस्टेल, असे बरेच टोलनाके असतात. त्यातही सरासरी उशिरापेक्षा चढ-उतार जास्त छळतो. एस.टी. रोज वीस मिनिटे उशिरा येत असेल तर माणूस वीस मिनिटे उशिरा निघतो. ती कधी वेळेवर आणि कधी तासाने येत असेल तर काय करणार?

दगड ८० मिलिसेकंद उशिरा उडाला तर धुरळ्यात लपवता येते. पण मी ज्या भिंतीआड लपलो आहे ती माझ्या पडद्यावर उभी आणि सर्व्हरच्या मते पडलेली असेल, तर मी मेलो आणि मला कळलेही नाही! म्हणून शोभेचा दगड आणि ज्यावर खेळ अवलंबून आहे तो दगड, यांत फरक करावाच लागतो.

तिसरा प्रश्न: लाइन गेली तर?

माझा एक देवगडचा मित्र या विषयावर एकाच वाक्यात बोलला होता. "मेल्या, हडे लाइट रवत नाय आणि तुझो क्लाउड खंय रवतलो?" हसण्यावारी नेऊ नका. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडले. त्याच्या आदल्या वर्षी लॉकडाऊनमध्ये रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमीही आपल्याच जिल्ह्यातली. जिथे ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढावा लागतो, तिथे 'लाइन कायम असेल' हे गृहीत धरून बनवलेली वस्तू ही वस्तूच नव्हे.

याचे गेममधले उदाहरण म्हणजे मार्च २०१३ मध्ये आलेला 'सिमसिटी'. एकट्याने खेळायचे तरी इंटरनेट हवेच. गणिताचा बराच भाग आमचे सर्व्हर करतात, असे बनवणाऱ्यांनी सांगितले. पहिल्या दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेल्या लोकांना आत जाता येईना. मग काही चौकस मंडळींनी गेमची फाइल उघडून बघितली आणि सर्व्हर तोडूनही शहर चालू राहते हे दाखवून दिले. मार्च २०१४ मध्ये कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळायची सोय दिली. क्रॅकडाउनवर लोकांनी जी शंका घेतली, तिच्यामागे हा ताजा अनुभव होता.

मग झाले काय?

क्रॅकडाउन ३ लांबत लांबत १५ फेब्रुवारी २०१९ ला आला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये क्लाउडजिन कंपनी एपिक गेम्सने विकत घेतली होती. गेममध्ये क्लाउडची पाडापाडी होती, पण फक्त 'रेकिंग झोन' नावाच्या पाच विरुद्ध पाचच्या वेगळ्या विभागात. मुख्य कथेत, जिथे शहर पाडायचे स्वप्न लोकांनी बघितले होते, तिथे नव्हती. आणि भिंती फुटायच्या त्या मोठ्या ठोकळ्यांत. वरचा गुणाकार केलेल्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

मग शंका घेणारे शंभर टक्के बरोबर ठरले का? तर नाही, आणि इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. "क्लाउड म्हणजे निव्वळ थाप, असे काही होऊच शकत नाही" असे म्हणणारेही पुष्कळ होते. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या एम्बार्क स्टुडिओने 'द फायनल्स' आणला. त्यात इमारती पडतात, मजले खचतात आणि हे सगळे सर्व्हर ठरवतो. तिथे ते शोभते, कारण तो खेळच अनेकांनी मिळून, ऑनलाइन खेळायचा आहे. कुठली भिंत उभी आणि कुठली पडली यावर सगळ्यांचे एकमत हवे, आणि ते मधल्या पंचाशिवाय होत नाही. अशा ठिकाणी सर्व्हरने मोठे तुकडे ठरवावेत आणि बारीक खडी-धुरळा घरच्या मशिनने उडवावा, ही वाटणी रास्त आहे. उलट दुसऱ्या टोकाला स्वीडनचाच 'टिअरडाउन' बघा. २०२२ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला. जवळजवळ सगळे काही फोडता येते आणि गणित घरच्याच मशिनवर! त्यांनी जग लहान ठेवले आणि बारीक ठोकळ्यांचे बनवले.

म्हणजे क्लाउड चांगला की वाईट, हा वादच चुकीचा. कुठले काम कुठे करायचे, हा प्रश्न खरा. आपल्या हॉस्टेलच्या लॅनवर, जिथे उशीर मिलिसेकंदाच्या आसपास असतो, सर्व्हरने पाडलेली भिंत झकास पडेल. तीच पावसाळ्यात आचऱ्याच्या घरी पडेल की नाही, हे वेगळे गणित.

चौथा प्रश्न: भाडे कोण भरणार आणि किती दिवस?

हा प्रश्न टेक्निकल वाटत नाही म्हणून आपण सोडून देतो. गेम एकदा विकला जातो, पण सर्व्हरचे भाडे रोज चढते. कधीतरी कंपनी हिशेब करणार आणि बटण बंद करणार. युबिसॉफ्ट, जिचा पुण्यातला स्टुडिओ २००८ साली सुरू झाला, तिने 'द क्रू' या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले. पैसे मोजून घेतलेला गेम, एकट्याने चालवायचा म्हटले तरी चालेनासा झाला. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपातल्या तिच्या अर्जावर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. गुगलने तर स्टेडिया ही आपली पूर्ण सेवाच जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली, मात्र त्यांनी खरेदीचे पैसे परत केले.

गेमचे काय, खेळ आहे, विसरून जाऊ. पण उद्या आपणच बनवणार आहोत मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना देणारे यंत्र, आंब्याच्या बागेतला सेन्सर, पाण्याच्या पंपाचा कंट्रोलर. त्याचा मेंदू दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवला आणि तो सर्व्हर पाच वर्षांनी बंद झाला, तर बागायतदाराने काय करायचे? होडीवाल्याला वादळाच्या दिवशी सूचना हवी असते, आणि नेमकी त्याच दिवशी लाइन जाते.

प्रोजेक्टवाल्यांसाठी

तर मंडळी, आपल्या फायनल इयरच्या ब्लॉक डायग्राममध्ये ढग काढण्याआधी चार ओळी लिहा:

१. कुठले गणित तिकडे पाठवले आणि ते इथे का होत नाही?
२. सेकंदाला किती बाइट्स जाणार आणि येणार? गुणाकार करून दाखवा.
३. लाइन दहा मिनिटे गेली तर वस्तू काय करील? आणि दहा दिवस गेली तर?
४. सर्व्हरचे पैसे कोण, कुठपर्यंत भरणार? नंतर वस्तू चालेल का?

एक प्रयोगही सुचवतो. एखाद्या सर्व्हरला पहाटे पाच वाजता शंभर वेळा पिंग करा आणि रात्री नऊ वाजता परत शंभर वेळा. सरासरी काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. सगळ्यात वाईट पाच आकडे वेगळे लिहून ठेवा, कारण तुमची वस्तू बिघडेल ती त्या पाच वेळांना. सुट्टीत घरी गेलात की हाच प्रयोग गावातून करा. वेंगुर्ला, कुडाळ, देवगड, वैभववाडी, सगळीकडचे आकडे एका तक्त्यात मांडले तर आपल्या जिल्ह्यापुरता एक उत्तम मिनी-प्रोजेक्ट होईल, आणि पुढच्या बॅचला डिझाइन करताना खरोखर उपयोगी पडेल.

ज्यांनी क्रॅकडाउनवर शंका घेतली त्यांना त्यासाठी डिग्री लागली नाही, लॅब लागली नाही. त्यांनी फक्त आपल्या घरची लाइन ओळखली होती आणि समोरच्या दाव्याला तिच्यावर घासून बघितले. आपल्याकडे तर लॅबही आहे, सरही आहेत आणि रोज अडखळणारी लाइनही आहे! तेव्हा पुढच्या सेमिनारला कोणी ढग दाखवला तर नम्रपणे हात वर करा आणि दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न विचारा. सांगणाऱ्याने गुणाकार केलेला असेल तर तोही खूश होईल. नसेल, तर तो त्या रात्री करील. दोन्हीत फायदाच आहे.